फायबर बॉडीची रंगाआधीची तयारी: भांडुपच्या गाळ्यातल्या नोंदी

११ जानेवारी २०२५

आम्ही बांधतोय त्या गाडीची बॉडी आली. टेम्पोवाल्याने सकाळीच गाळ्यासमोर हॉर्न वाजवला आणि धाकटा भाऊ, मी, शेजारच्या गाळ्यातले लेथवाले आणि त्यांचा पोऱ्या अशा चौघांनी ती हातोहात आत घेतली. दरवाजे, बॉनेट आणि डिकीचं झाकण वेगळं बांधून आलं होतं. रंग नाही, साच्यातून काढली तशी पांढरी. बाहेरून जेलकोट, म्हणजे रेझिनचा गुळगुळीत वरचा थर, चकचकीत; आतून मॅटचे, म्हणजे काचतंतूंच्या चटईचे, धागे उभे.

संदर्भासाठी एकदाच लिहून ठेवते. दोन सीटची उघडी गाडी. पाइपची चासी तयार आहे, तिच्यात मारुती एस्टीमचं १२९८ सीसीचं इंजिन बसलंय. बॉडी पॉलिएस्टर रेझिन आणि ४५० ग्रॅमच्या चॉप्ड मॅटची. बहुतेक ठिकाणी तीन थर, म्हणजे साधारण ३ मिमी, आणि त्यावर जेमतेम अर्धा मिमी जेलकोट. गाडी रस्त्यावर नोंदवायची नाहीये. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ (गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावरचं) आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल वाचला की तो विषय मिटतो. ती मामाच्या चौलच्या वाडीत फिरेल. तिथवर ट्रेलरवरून, भाऊच्या धक्क्याहून मांडव्याच्या रो-रो बोटीने. गंमत म्हणजे अलिबागजवळच चिंकारा मोटर्सने फायबरची बॉडी आणि अम्बॅसेडरमधलं १.८ लिटरचं इसुझू इंजिन घेऊन रोडस्टर बांधली होती. म्हणजे गाडी त्या पट्ट्यात अगदीच परकी ठरणार नाही.

या नोंदींत इंजिन नाही, वायरिंग नाही. फक्त रंगाच्या पहिल्या हाताआधीचं काम.

१२ जानेवारी

पॉलिश पेपर अजून कपाटातच आहे. साच्यातून वस्तू सुटावी म्हणून आधी मेण घासतात, वरून पीव्हीएचा (पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचा) पातळ पापुद्रा मारतात. दोन्ही बॉडीवर उतरून येतं. पीव्हीए पाण्यात विरघळतं, त्यामुळे पहिली धुलाई कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाने. मेणाला पाणी काही करत नाही. त्याला वॅक्स रिमूव्हर, आणि तोही दोन चिंध्यांनी: एकीने ओलं करायचं, वाळायच्या आत दुसरीने उचलायचं. एकाच चिंधीने पुसत राहिलं तर मेण एका जागेवरून दुसऱ्या जागी जातं, एवढंच.

मेण असतानाच घासलं तर पेपर ते ओरखड्यांत दाबून बसवतो. मग प्रायमर मारला की तिथे माशाच्या डोळ्यासारखे खळगे पडतात आणि कारण शोधत बसावं लागतं.

तपासायची रीत सोपी. स्वच्छ पाण्याचा फवारा मारायचा. पाणी सलग पसरलं तर झालं. थेंब थेंब जमले तर मेण आहे. बॉनेट आणि दरवाजे पहिल्या फेरीत पास. मागच्या चाकाच्या कमानींवर थेंब उभे राहिले, तिथे परत.

१९ जानेवारी

दोन पेंटर बोलावले होते, दोघेही डेंटिंग-पेंटिंगमधले अनुभवी. दोघांचं मत एकच: “सगळ्या बॉडीला लांबीचा (म्हणजे पुटीचा) एक हात ओढू, घासू, रंग मारू.” पत्र्याच्या ठोकलेल्या गाडीला हे चालतं. इथे मला पटत नाही. साच्यातून आलेला जेलकोट हा या बॉडीवरचा सगळ्यात सरळ, सगळ्यात घट्ट थर आहे. त्यावर सरसकट लांबी मारायची म्हणजे चांगल्या पृष्ठभागावर हाताने ओढलेला वाईट पृष्ठभाग चढवायचा. वर त्याने खालचे दोष झाकले जातात, जात नाहीत.

एकाने एच प्रायमर लागेलच म्हणून सांगितलं. आम्ल असलेला तो प्रायमर धातूला धरतो, फायबरला त्याचा उपयोग नाही. दुसऱ्याला बंपरचा प्लास्टिक प्रायमर हवा होता. बंपर पॉलिप्रॉपिलीनचा असतो, त्याला काही चिकटत नाही म्हणून तो लागतो. घासलेल्या पॉलिएस्टरला दोन भाग मिसळून मारायचा इपॉक्सी प्रायमर तसाच धरतो.

ठरलं: काम आम्ही करायचं, आणि फायबर कळणारा माणूस शोधायचा. गाड्यांच्या धंद्यात नाही, होड्यांच्या.

२६ जानेवारी

काका आले. वर्सोव्याचे. मासेमारीच्या फायबरच्या होड्या दुरुस्त करण्यात आयुष्य गेलंय. गाळ्यात शिरले, बॉडीकडे न बघता आधी तिच्या आत डोकं घातलं.

“बाय, बॅटरी दे.”

बाहेरून उन्हाचा कवडसा, आतून टॉर्च. जिथे रेझिन नीट मुरलंय तिथे उजेड सारखा पसरतो. जिथे हवा अडकली किंवा थर सुटला तिथे पांढुरका डाग दिसतो. मग खिशातून दहाचं नाणं काढून त्यांनी सगळी बॉडी वाजवली. टणक आवाज, टणक आवाज, आणि मध्येच बद्द. बद्द वाजलं की मी खडूने गोल काढायचा. तसेच गोल मी कागदावर काढलेल्या चारही बाजूंच्या नकाशावरही उतरवले.

नकाशावर बघितलं की दोष कुठेही विखुरलेले नाहीत, त्यांच्या ठरावीक जागा आहेत. धारदार कडा: तिथे मॅट वळत नाही, त्यामुळे जेलकोटच्या मागे पोकळी राहते. बॉनेटच्या बिजागरीपाशी कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा: साच्यातून काढताना तिथे जोर आलाय. आणि नाकावर, दोन्ही दिव्यांच्या आतल्या बाजूने, साच्याच्या तुकड्यांचे सांधे: दोन उभ्या रेघा, बोट फिरवलं की लागतात.

काका म्हणाले, “होडीला कोण एवढं जवळून बघतंय? पाणी आत नाही आलं की झालं. तुमच्या गाडीला लोक नाक लावून बघणार.”

नियम लिहून भिंतीवर चिकटवला: जिथे खाली हवा आहे तिथेच जेलकोट फोडायचा. बाकी ठिकाणी तो फक्त घासायचा, पार करायचा नाही.

९ फेब्रुवारी

बॉडी चासीवर बसवली. सगळे बोल्ट, रबराचे वॉशर, इंजिन जागेवर, टायरमध्ये हवा. हे आताच का, असं भावाने विचारलं. फायबर वाकतं. घोडीवर ठेवून दरवाजांच्या फटी सरळ केल्या आणि मग चासीवर कसली, की सगळं तिरकं होतं. शिवाय पुढच्या महिन्यात ती उन्हात तापणार आहे. तापलेली बॉडी ज्या आकारात धरून ठेवली असेल तोच आकार घेते.

२६ फेब्रुवारी

फेब्रुवारी संपलेला नाही आणि हवामान खात्याने उष्णतेच्या लाटेचा इशारा दिलाय. पारा अडतिशीच्या वर. लोकांचे हाल आहेत, आमची मात्र सोय झाली.

पॉलिएस्टर रेझिन हाताला कडक लागलं तरी त्याचं काम संपलेलं नसतं. आत स्टायरीन, म्हणजे रेझिनमधलं उग्र वासाचं द्रव, उरलेलं असतं. ते हळूहळू जोडलं जातं किंवा उडून जातं आणि तेवढ्या काळात बॉडी किंचित आक्रसते. त्याआधी रंग मारला की काही महिन्यांनी मॅटच्या धाग्यांची नक्षी वर उमटते. रंगाला नावं ठेवली जातात, दोष घाईचा असतो. म्हणून रोज सकाळी गाडी ढकलत इस्टेटच्या अंगणात, संध्याकाळी आत. दुपारी वरून काळं प्लास्टिक. काल त्याखाली पृष्ठभाग ५८ अंशांवर गेला होता. साध्या पॉलिएस्टरला साठच्या फार पुढे नेऊ नये, तिथून पुढे ते मऊ पडायला लागतं. त्यामुळे थर्मामीटर चिकटवलाय आणि लेथवाल्यांचा पोऱ्या चहाला बाहेर आला की आकडा ओरडून सांगतो.

पहिल्या दिवशी दार उघडताच येणारा स्टायरीनचा उग्र वास आता नाकाला शोधावा लागतो.

२ मार्च

सांध्याच्या रेघा. या कामाला सगळ्यात जास्त वेळ द्यायचा ठरवलंय, त्यामुळे सविस्तर.

सोपा मार्ग असा: रेघेचा उंचवटा घासून काढायचा, वर लांबीचा पातळ हात, सपाट. तयार झाल्यावर दिसणारही नाही, पण पहिल्या उन्हाळ्यापर्यंतच. सांध्यावरची लांबी आणि बाजूचं फायबर उन्हात वेगवेगळं प्रसरण पावतं आणि रेघ परत वर येते. हा फायबर गाड्यांचा जुना आजार आहे. १९५३ साली कॉर्व्हेट ही अमेरिकन स्पोर्ट्स कार फायबरच्या बॉडीत आली. तिचे भाग मागून पट्ट्या लावून चिकटवलेले असतात, आणि जुन्या कॉर्व्हेट पुन्हा रंगवणारे आजही त्याच जोडांशी झगडताना दिसतात.

म्हणून आधी फोडून बघितलं. छोट्या ग्राइंडरला ८० नंबरची चकती (नंबर लहान तितकी खरखरीत) लावून उंचवटा काढला. डाव्या रेघेवर जेलकोट संपता संपता खाली बुडबुड्यांची माळ निघाली. साच्याच्या तुकड्यांच्या खाचेत जेलकोट पुलासारखा जाडसर साचलेला आणि त्याच्या मागे मॅट पोचलेलीच नाही. बॉडी बनवणाऱ्या कारखान्याने खाचेत आधी रेझिन आणि बारीक तंतूंचा लगदा भरायला हवा होता. काकांनी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टेकवलं तर ते सरळ आत गेलं.

“बघ. यावर लांबी मारली असती तर?”

दोन्ही बाजूंना साधारण इंचभर उतार देत खोलगट केलं, पोकळी संपेपर्यंत. धूळ ब्रशने, मग व्हॅक्यूमने. ॲसिटोनची चिंधी एकदाच, आणि उडून जायला वेळ. ॲसिटोनचा भडका उणे तापमानालाही उडू शकतो, त्यामुळे शेजारी वेल्डिंग चालू नाही ना हे मी स्वतः बघून येते.

९ मार्च

भरणी. खोलगट भागात आधी रेझिन आणि तंतूंचा लगदा, त्यावर मॅटच्या दोन पट्ट्या, खालची अरुंद, वरची रुंद, आणि शेवटी बारीक सरफेस टिश्यू म्हणजे मॅटचे जाड धागे वर उमटणार नाहीत. रोलरने हवा काढत जायचं. रेझिन लवकर कडक व्हावं म्हणून लागणारं कोबाल्ट त्यात आधीच मिसळलेलं घेतलंय. काकांचा यावर कडक नियम: सुटं कोबाल्ट आणि हार्डनर एका टेबलावरही ठेवायचं नाही, कारण ती दोन थेट एकत्र आली की स्फोटासारखी पेटतात. हार्डनर वजनाच्या दीड टक्का, काट्यावर मोजून. काका झाकणाने मोजतात आणि बरोबर येतं. माझ्यात ती हिंमत नाही.

बॉनेटच्या भेगांचंही आजच उरकलं. प्रत्येक भेगेचा पाठपुरावा करत ती जिथे संपते तिथवर जेलकोट काढला. भेगेत लांबी भरून ती थांबत नाही, कारण ती वरून आलेली नसते. बिजागरीच्या मागे आतून मॅटचे दोन जादा थर चढवले, म्हणजे मुळात ती जागा वाकायलाच नको.

१४ मार्च

धुळवड. इस्टेट बंद. सगळी मुंबई रंगलेली आणि आमची गाडी तेवढी पांढरी, असं भाऊ म्हणाला.

काचेच्या धुळीबद्दल एक सूचना, कोणाच्या कामी येईल. घासताना पूर्ण बाह्या, मनगटाला टेप, चांगला मास्क. घरी आल्यावर लगेच अंघोळ.  आणि कामाचे कपडे गाळ्यातच बदला. मागच्या रविवारी संध्याकाळच्या लोकलमध्ये लेडीज डब्यात माझ्या शेजारची बाई अख्ख्या प्रवासात दंड खाजवत होती आणि माझ्याकडे संशयाने बघत होती.

३० मार्च

गुढीपाडवा. सकाळी गुढी, दुपारी दरवाजे.

डाव्या दरवाजाची फट वर ३ मिमी, खाली ८. उजव्याची बरी, पण मागची कड आत गेलेली. आधी बिजागरी आणि लॅच. जे लोखंडाने सुधारतं ते फायबरने सुधारायचं नाही. बिजागरीखाली वॉशर घालून आणि लॅचचा खिळा सरकवून डावा दरवाजा ४ ते ६ पर्यंत आला. उरलेलं घडवावं लागणार.

रीत अशी. दरवाजाच्या कडेला पॅकिंगची टेप लावायची, सुरकुती न पडता, वर मेणाचा हात. कडेवर ५ मिमी ॲक्रिलिकच्या पट्ट्या दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने लावायच्या, त्यांनाही टेप आणि मेण. मग चौकटीची कड खरबरीत करून तिच्यावर तंतू मिसळलेली लांबी थोडी जास्तच भरायची आणि दरवाजा सावकाश लावून घ्यायचा. पट्टीला टेकून बाकीची बाहेर येते. ती चीजसारखी मऊ-कडक असतानाच सुरीने कापायची; दगड झाल्यावर कापायला बसलं तर संध्याकाळ जाते. पुरती वाळल्यावर दरवाजा उघडला की टेप सोडून देते, आणि चौकट दरवाजाच्या वळणाने वळलेली असते.

५ मिमी का? रंगाचे सगळे थर धरून प्रत्येक कडेवर पाव मिमीपर्यंत जाडी येते, दोन्ही बाजू मिळून अर्धा. म्हणजे शेवटी साडेचार राहील. त्याहून कमी ठेवलं तर खडबडीत रस्त्यावर बॉडी पिळवटली की कडा एकमेकींना चावतात आणि पहिला टवका तिथेच उडतो.

पुरणपोळीचा डबा आईने पाठवला होता. काका आले नव्हते, त्यांच्या वाट्याच्या लेथवाल्यांना दिल्या.

१२ एप्रिल

बारीकसारीक कामं. सगळ्या धारदार कडांना दीड-दोन मिमीची गोलाई दिली. धारेवरून ओला रंग मागे सरकतो आणि तिथे थर पातळ राहतो. दिव्यांची, आरशांची, पेट्रोलच्या झाकणाची भोकं आताच पाडली, रंगावर ड्रिल चालवायचं नाही. भोकं पाडतानाच प्रत्येक दिव्याशेजारी अर्थिंगच्या वायरचीही जागा ठेवली. पत्र्याच्या गाडीत बॉडीच अर्थिंगचं काम करते. फायबरमधून वीज जात नाही, हे नंतर आठवलं तर रंगवलेल्या बॉडीतून वायर ओढत बसावं लागतं.

नागदेवी स्ट्रीटवरून ८०, १२०, १८०, ३२०, ४०० नंबरचे पेपर रोलमध्ये आणले. सुटे तुकडे घेण्यापेक्षा स्वस्त, आणि लांब ठोकळ्याला सलग लागतात.

१९ एप्रिल

सगळी बॉडी १८० ने कोरडी घासली. पाणी नाही. जिथे जेलकोट फोडलाय तिथे तंतू उघडे आहेत आणि ते वातीसारखं पाणी ओढतात. ते वर रंगाखाली कोंडलं की उन्हात फोड. चमक गेली पाहिजे, जेलकोट जाता कामा नये. करडी-हिरवट पारदर्शक छटा दिसायला लागली की हात थांबवायचा.

चमक गेल्यावर खरी बॉडी दिसते. कडांवर पिनहोल उघडे पडले, टाचणीच्या टोकाएवढे. पांढऱ्यावर ते दिसत नाहीत, म्हणून काळी पूड चिंधीने चोळली आणि पुसली. छिद्रांत काळं राहतं. प्रत्येक छिद्र टोचून थोडं मोठं केलं. तोंड बारीक असेल तर लांबी वर झाकण होऊन बसते, आत हवा तशीच, आणि प्रायमरच्या थिनरने ती झाकणं उडतात. बारीक पॉलिएस्टर लांबी प्लास्टिकच्या पट्टीने आडवी, मग उभी दाबली. या गाडीवरची लांबी एवढीच: सांधे, कडा, छिद्रं. नकाशावर निळ्या पेनाने भरलं तर तळहाताएवढे काही पट्टे दिसतात.

२७ एप्रिल

इपॉक्सीचा एक हात, आणि तिची ओली मुदत संपायच्या आत हाय-बिल्ड म्हणजे जाड थर देणाऱ्या प्रायमरचे तीन. डब्यावर लिहिलेल्या वेळेत दुसरा थर चढला तर दोघांची रासायनिक पकड होते. वेळ टळली तर घासून ओरखड्यांवर भरवसा ठेवावा लागतो. १.८ मिमीचा नोझल, प्रत्येक हातामध्ये पंधरा मिनिटं.

मुंबईच्या हवेत कॉम्प्रेसर म्हणजे पाणी गाळायचं यंत्र. हवा दाबली की तिच्यातली वाफ टाकीत पाणी होते. टाकी सकाळी रिकामी केली, दुपारी परत कपभर निघालं. म्हणून टाकीपासून गनपर्यंत सरळ रबरी नळी न नेता आधी भिंतीवरून लोखंडी पाइप वर-खाली फिरवलाय. हवा त्यात थंड होते, पाणी खाली उतरतं आणि सापळ्यात पडतं. सापळा टाकीलाच लावला तर गरम हवेतली वाफ त्यातून निसटून जाते.

हाय-बिल्डच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट, म्हणजे श्वासातून बाधणारी रसायनं, असतात. त्याला धुळीचा मास्क म्हणजे काहीच नाही. ताज्या हवेचा हूड, त्याला तेल नसलेला वेगळा छोटा पंप, आणि पंप गल्लीच्या तोंडाशी. लेथवाल्यांना विचारून रविवार निवडला होता, म्हणजे शेजारी कोणी नाही. काका बाहेर बसून होते. “आमच्या वेळी तोंडाला रुमाल बांधायचो,” म्हणाले, आणि खोकले.

४ मे

ठोकळ्याने घासाई. प्रायमरवर काळ्या मॅट स्प्रेचा विरळ फवारा मारला, वाळू दिला, आणि १८० लावलेली लांब पट्टी पंचेचाळीस अंशांत, एकदा या बाजूने, एकदा त्या. उंचवट्यावरचं काळं आधी जातं, खड्ड्यात राहतं. बोटांनी पेपर धरायचा नाही, बोटं खड्ड्यातही शिरतात.

सपाट भागांना गवंड्याची ॲल्युमिनियमची पट्टी कापून वापरली. चाकांच्या कमानींना ३ मिमी ॲक्रिलिकची पट्टी, ती वळणाबरोबर वाकते आणि तरी लहान खड्ड्यात शिरत नाही.

निकाल: बॉनेट जवळजवळ जसंच्या तसं सरळ. डाव्या कमानीवर हाताएवढा उथळ खोलगट, तिथे प्रायमर पार न करता थांबले. नाकाच्या सांध्यांवर काळी रेघ अजिबात उरली नाही.

७ मे

काल संध्याकाळी धुळीचं वादळ आणि पाऊस. मे महिन्याचा पहिला आठवडा, आणि पत्र्यावर धो धो. गाळ्याच्या पन्हाळीतून पाणी आत आलं, गाडीपासून लांब. पण हाय-बिल्ड प्रायमर उघडाच आहे आणि तो दमट हवा पिऊन घेतो. वेळापत्रकात रंग मेच्या शेवटच्या आठवड्यात होता, कारण मुंबईत मान्सूनची नेहमीची तारीख ११ जून. आता त्या तारखेवर माझा भरवसा नाही. दोन हॅलोजन दिवे आणून ठेवले.

१७ मे

खोलगट भागावर आणि कडांवर हाय-बिल्डचे आणखी दोन हात आठवड्यापूर्वी मारले होते. आज परत काळा फवारा, ३२० ने घासाई. काळं सगळीकडून एकदम गेलं. भावाने दरवाजावर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघायला पृष्ठभाग पाण्याने ओला केला, मी फडकं घेऊन धावले. बघायचं असेल तर वॅक्स रिमूव्हरने ओला कर, तो उडून जातो. ट्यूब चौकटीवरून दरवाजावर जाताना वाकली नाही.

रंगाची चर्चाही झाली. भावाला काळा किंवा गडद हिरवा हवाय. कोकणातल्या उन्हात काळी बॉडी सहज सत्तरीत जाईल, म्हणजे आम्ही फेब्रुवारीत जी मर्यादा सांभाळली तिच्या पलीकडे, आणि तेही रोज. मॅटचे धागे, सांधे, सगळं वर बोलावून घ्यायची सोय. पहिल्या वर्षीच्या ३०० कॉर्व्हेट सगळ्याच्या सगळ्या पांढऱ्या होत्या हे मी त्याला सांगितलं. “त्यांच्याकडे दुसरा रंगच नसेल,” म्हणाला. फिक्या पिस्त्यावर तडजोड होईल असं दिसतंय.

२४ मे

केरळात मान्सून आज पोचला, आठवडाभर आधी. सकाळी बातमी वाचली आणि रंगाचा बेत रद्द केला. आजचं काम बदललं: रंग नाही, बॉडी बंद करायची.

पातळ केलेल्या इपॉक्सीचा एक सलग हात, १.४ चा नोझल. इपॉक्सी हाय-बिल्डसारखी पाणी पीत नाही. खालचं सगळं कोरडं असताना ती वर चढली की पावसाळा गाळ्यात काढता येतो. त्यासाठी आधी खालचं खरंच कोरडं हवं. काल रात्रभर दारं बंद करून हॅलोजन लावले होते, पृष्ठभाग चाळीसच्या आसपास धरून.

दुपारी हवा ३० अंश, आर्द्रता ८० टक्के. म्हणजे दवबिंदू साधारण २६. पृष्ठभाग त्याहून निदान ३ अंश गरम पाहिजे, नाहीतर डोळ्याला न दिसणारं पाणी आधी बसतं आणि रंग त्याच्यावर. दिवे बंद केल्यावर बॉडी ३३ वर होती. जमीन ओली केली, बॉडी अल्कोहोलच्या ओलसर चिंधीने हलकेच पुसली. जोरात पुसलं की फायबरवर स्थिर वीज साचते आणि गाळ्यातली सगळी धूळ तिथे धावते. मग बंद दारांआड तासाभरात एक हात पुरा. काका म्हणाले, “आता पाण्यात टाक, काही होत नाही.” टाकणार नाही, पण ऐकायला बरं वाटलं.

खालच्या बाजूला, चाकांच्या आत, उद्या जाड रबरी कोटिंग. चाकाने उडालेला खडा आतून बसला की बाहेरच्या रंगावर चांदणीसारखी भेग उठते, त्याचा बंदोबस्त.

२७ मे

मान्सून काल मुंबईत. इतक्या लवकर कधीच आला नव्हता म्हणे. वरळीच्या मेट्रो स्टेशनात पाणी शिरल्याचे व्हिडिओ सगळीकडे फिरतायत. मी आज संध्याकाळी गाळ्यात पोचले तेव्हा आत हवा २७ अंश, आर्द्रता ९५. दवबिंदू २६. या हवेत गन हातात घ्यायचीच नाही.

बॉडी सुकी, चिकटपणा नाही, नखाची खूण उमटत नाही. सांध्यांवर टॉर्च आडवा धरून बघितला: काही नाही. डाव्या दरवाजाची फट वर ५, मध्ये ५, खाली साडेपाच. खालचा अर्धा मिमी ठेवते; रबराची पट्टी बसली की दरवाजा तेवढा बाहेर ढकलला जाईल.

इपॉक्सीची मुदत तोपर्यंत संपलेली असेल, त्यामुळे पावसाळ्यानंतर सगळी बॉडी ४०० ने एकदा घासावी लागेल. हे काम आता वाढलं. पेपर पुरेसा आहे. प्लास्टिक गुंडाळलेलं नाही, आत वाफ कोंडते; वरून सुती चादर आणि खाली वारा खेळता. भाऊ पिस्त्याच्या तीन छटांची कार्डं घेऊन आलाय. त्यातली एक सरळ सरळ हॉस्पिटलच्या भिंतीची आहे, ती बाद.